तातेराव बारा दिवस हाजिर

...आन वरून गावातले मलाच इचारतात, ‘दगडोबा, तू दुसरी नापास, तू सदर मास्तरांच्या, म्हणजे हेडमास्तरांच्या शिक्षणाला बसलासच कसा?’ कसा म्हणजे काय, सरकीच्या पोत्यावर मांडी घालून बसलो! आवं, मी नुसतं नाव कमी करायला गेलो व्हतो, तुमाला सांगतो!

आमचा दादा, तातेराव, साखऱ्याच्या शाळेत मास्तर. पटकीनं दोन दिसात नेला. तेरावं झालं आन चौदाव्या दिशी चिठ्ठी! ‘तातेराव यांनी हिंगोलीस हजर व्हावं, सदर मास्तर व्हायचं बारा दिवसांचं शिक्षण हाय.’ दोन वर्सं वाट पाहिली हो त्यानं या चिठ्ठीची! पंधरा दिवस आधी धाडायला सरकारचं काय जात व्हतं? द्वारकावहिनी म्हणली, ‘भावजी, जाऊन सांगून या. न्हाईतर न सांगता गैरहाजर राहिले म्हणतील. त्यायनी एक दिवस कधी शाळा चुकवली न्हाई.’ म्हणलं, जातो. आता नाव कमी करायला कितीसा वेळ लागतो?

जिनिंगचं रिकामं गोदाम, त्यात चाळीस मास्तर, अर्धे झालेले सदर, अर्धे होऊ घातलेले, नाकात कापसाची धूळ, समदे शिंकून राहिले, आन मुनशी जलालुद्दीन वही उघडून नावं घेऊन राहिला. म्हणलं, नावं होऊ द्या, मग सांगू. ‘संतराम!’ ‘हाजिर!’ ‘हिरासिंग!’ ‘हाजिर!’ ‘तातेराव!’

...कोणी बोलंना.

आता तुमीच सांगा, चौदा दिवस घरात ते नाव कोणी घेतलं न्हाई, वहिनी रडती म्हणून. आन इथं एक परका माणूस खणखणीत हाक मारून राहिला, जसा काही दादा पाणी प्यायला बाहीर गेलाय! मुनशीनं टाक लाल शाईत बुडवला. ‘तातेराव! है के नै?’ आन माझ्या तोंडातून गेलं, ‘हाजिर!’

गेलं म्हणजे गेलं! बाण परत येतो का? मी नुसतं नाव कमी करायला गेलो व्हतो हो!

शेजारी शिरड शहापूरचे संतराम मास्तर, इस्तरीची टोपी, माझ्या तुळतुळीत टाळक्याकडं पाहून म्हणतात, ‘का हो तातेराव, डोकं काहून?’ आता काय सांगावं? दादाच्या सुतकाचं डोकं, आन दादाच मी! म्हणलं, ‘उवा.’ चार मास्तर टुणकन सरकले. ऐसपैस जागा झाली. लिहायची पाळी आली की उजव्या हाताला चिंधी, नखुर्डं झालं म्हणून! रोज ठरवायचं, उद्या सांगू. रोज हाक यायची, रोज आपलं ‘हाजिर’!

पाचव्या दिशी शिकवणाऱ्या साहेबांनी इचारलं, ‘पोरं शाळा बुडवतात. सदर मास्तरानं काय करावं?’ संतराम मास्तर उठले, टोपी नीट केली, ‘प्रथम पालकांस लेखी समज द्यावी...’ आवं पण मास्तर, ती समज घेऊन घरी जाणार कोण? तेच पोरगं ना! मला राहवलंच न्हाई. म्हणलं, ‘साहेब, सकाळी पुलाखाली पाहावं, दुपारी बोरीवर. टोपी घालून जाऊ नये, मास्तराची टोपी कोसभर आधी दिसती. आन सापडलं तर मारू नये, म्हणावं, चल लेका, घंटा वाजवायला कोणी न्हाई.’

साहेब खुश! ‘शाबास तातेराव! याला म्हणतात अनुभव!’ अनुभव बराबर व्हता, फक्त कोणत्या बाजूचा ते साहेबांनी इचारलं न्हाई. आन घंटेचं माझं न्हाई हो... मला धरायला दादाच यायचा, तोच असं म्हणायचा.

बारावा दिवस. साहेब उभे राहिले, ‘तातेराव पहिले! साखऱ्याचे सदर मास्तर!’ टाळ्या! संतराम मास्तरांनी उवा इसरून पाठ थोपटली! आन मला एकदम भडभडून आलं. ज्याचं कौतुक, तो कुठं? म्हणलं, ‘साहेब, तातेराव मेला. महिना होत आला. मी त्याचा भाऊ. मी नुसतं नाव कमी करायला आलो व्हतो.’

‘मेला? मग पहिला कोण आला?’

‘तोच आला, साहेब.’

मुनशी वही छातीशी धरून ओरडला, ‘साब, बही में बारा रोज हाजिर है! मयत कू हाजिर लिख्या बोलके मेरी नौकरी जाती!’ साहेब लालबुंद झाले, तोंड उघडलं... आन नजर माझ्या डोक्यावर गेली. हळूच म्हणले, ‘मुनशीजी, दाखला लिहा. तातेराव, शिक्षण पुरं करून, आजच्या तारखेस वारले. उर्दूत नको, मराठीत लिहा, घरी वाचता येईल.’

घरी आलो. बोट ठेवून ठेवून वहिनीला वाचून दाखवलं. म्हणलं, ‘वहिनी, सरकारात दादा महिनाभर जास्त जगला!’ वाटलं, आता लाटणं येतं. वहिनीनं कागदावरून हात फिरवला, पदर डोळ्याला लावला, आन हसली, महिन्यात पहिल्यांदा हसली, आन म्हणती कशी, ‘भावजी, बाराच दिवसांचं काहून ठेवतात हो हे शिक्षण? सदर मास्तर करायचा म्हणजे धा-वीस सालं नको का?’

म्हणलं, ‘व्हय वहिनी. चुकलंच सरकारचं.’