जहाजं काढणाऱ्याची नात

सुलोचनाबाई : ...उन्हातून आलात, सरबत घ्या आणि निघा मास्तर. सांगितलं ना, तुम्ही शोधताय ती मी नव्हे.

पांडुरंगराव : निघतो बाई. उठवत नाहीये म्हणून बसलोय. दोन उन्हाळे त्या एका साहेबाच्या वंशापायी हिंडतोय. मुरारला गोऱ्यांच्या कबरस्तानातला एकेक दगड पुसून वाचला. शाळेतून पेन्शन घेतली तेव्हा वाटलं होतं, आता पाय पसरून बसू.

मंदाताई : पण त्यासाठी आमच्या घरी कशाला? आम्ही रिसाल्यातली मराठा माणसं. साहेबाशी आमचं काय लेना-देना?

पांडुरंगराव : सांगतो ताई. विलायतेत ऑगस्टस ट्रेमलेट म्हणून एक चित्रकार होऊन गेले, व्हिक्टोरिया राणीच्या अमदानीत. जन्मभर फक्त समुद्र आणि जहाजं काढली. त्यांचा मुलगा आर्थर इथे मुरार छावणीत तोफखान्यात होता. तो इथेच तापाने वारला. आता चित्रकाराची पणती, एडिथ नावाची, घराण्याचा इतिहास जमवते आहे. आमच्या शाळेकडे विचारणा आली आणि हेडमास्तरांनी ती माझ्या गळ्यात घातली.

मंदाताई : बरं, मग?

पांडुरंगराव : आर्थरला इथे दोन मुलं झाली. धाकटा मुलगा विलायतेला गेला, तो या एडिथचा बाप. थोरली मुलगी इथेच राहिली. तिला तिच्या मामाने इथे ग्वाल्हेरात, तुमच्या या कंपू मोहल्ल्यात आणून वाढवलं. मामाचं नाव मानसिंगराव.

मंदाताई : मानसिंगराव? अहो, ते सासूबाईंचे वडील! मामा कसले? कोणी भरवलं हे तुमच्या डोक्यात?

पांडुरंगराव : थाटीपुरात एक म्हातारी आहे. पूर्वी साहेबाच्या बंगल्यावर आया होती. जमना.

सुलोचनाबाई : जमना अजून आहे?

(बाहेर रस्त्यावरून एक टांगा खडखडत निघून जातो.)

मंदाताई : सासूबाई...

सुलोचनाबाई : दार लोटून घे मंदा. आणि अशी बघू नकोस माझ्याकडे. मी कालची तीच आहे.

मंदाताई : म्हणजे खरं आहे हे? घरात कोणाला ठाऊक आहे?

सुलोचनाबाई : तुझ्या सासऱ्यांना होतं. मामांनी लग्नाआधी त्यांच्या कानावर घातलं होतं. ते म्हणाले, मुलगी पसंत आहे. त्यानंतर मरेपर्यंत त्यांनी तो विषय काढला नाही. मला वाटलं होतं, माझ्याबरोबर जाईल सगळं.

मंदाताई : आणि माझी शालिनी? पुढच्या महिन्यात इंदूरची मंडळी साखरपुड्याला यायचीत. त्यांना कळलं तर उभी राहतील दारात? मास्तर, हात जोडते तुम्हाला. लिहून टाका, कोई नहीं मिला. बात खतम.

पांडुरंगराव : माझ्याही मनात शंभरदा आलं ताई. कोणी सापडलं नाही असं लिहिलं की मी सुटलो. पण एक गोष्ट मला सोडेना. एडिथच्या वडिलांचं शेवटचं दुखणं फार लांबलं होतं. त्यात...

सुलोचनाबाई : वारला का तो?

पांडुरंगराव : हो. झाली काही वर्षं. बाई, मी आधी सांगायला हवं होतं. चुकलं माझं.

सुलोचनाबाई : असू दे. तो आहे की नाही, हेच इतकी वर्षं कळलं नव्हतं. जगला म्हणूनही तुम्हीच सांगितलंत, गेला म्हणूनही तुम्हीच. पुढे बोला.

पांडुरंगराव : त्या दुखण्यात ते एकच शब्द घोकत होते. अक्का. तिकडे कोणाला अर्थ लागेना. घरच्यांना वाटलं, आजोबांनी काढलेल्या एखाद्या जहाजाचं नाव असेल. त्या नावाचं जहाज शोधून सगळे थकले. मग एडिथने मला विचारलं, मुरारजवळ या नावाचं एखादं गाव आहे का. त्या दिवसापासून मी कबरी सोडल्या आणि तुम्हाला शोधायला लागलो.

सुलोचनाबाई : लहान होता हो अगदी. हाताने नीट जेवतही नव्हता. मीच भरवायची. वडील गेले आणि आजोबांचा निरोप छावणीच्या पाद्र्याकडे आला, मुलाला पाठवा. मुलीचं काही नव्हतं त्यात. त्यांना आपल्यामागे कुंचला धरणारा कोणीतरी हवा होता. आग्र्याला जायची शिकरम दारात उभी, घोडे पाय आपटताहेत, आणि हा माझा परकर सोडीना. पाद्री म्हणाला, चल बेटा, अक्का मागच्या गाडीने येते आहे. तर मुकाट्याने चढून बसला, शहाण्यासारखा.

मंदाताई : पाणी आणू?

सुलोचनाबाई : नको. मास्तर, जहाजं काढायला शिकला का तो?

पांडुरंगराव : नाही. एका लहानशा गावात औषधाचं दुकान चालवायचे. लहानपणी समुद्र ओलांडला तेवढाच. पुन्हा कधी बोटीत पाय ठेवला नाही म्हणे.

सुलोचनाबाई : मग नेला कशाला! आमचे वडील कोळशाने भिंतीवर जहाज काढून दाखवायचे आम्हाला. समुद्र कसा असतो विचारलं की म्हणायचे, मुरारच्या नदीला पूर आलाय असं समज आणि पलीकडचा काठ पुसून टाक. पुढे कितीतरी पूर बघितले मी. मला काही तो काठ पुसता आला नाही.

मंदाताई : आणि तुमच्या आई? त्यांचं काय झालं?

सुलोचनाबाई : बंगला सोडावा लागला. लहानपणीच विधवा झालेली ती. साहेबाने हाताला धरून घरात आणली, पण चर्चमध्ये काही नेलं नाही. माहेरचं दार तेव्हाच बंद झालं होतं. मामांना माझी दया आली, मला घेऊन आले. तिला आणणं त्यांना जमलं नाही. मामी, भाऊबंद, सगळ्यांचा धाक. ती टोपी बाजाराच्या मागे एका खोलीत राहायची, टोप्यांना काठ शिवायची. मला तिकडे फिरकायची मनाई होती. गेली, तेही उशिरा कळलं मला. मानसिंगरावांच्या मुलीला सुतक कुठलं?

पांडुरंगराव : एडिथने वंशवृक्ष काढून पाठवलाय. त्यात आर्थरच्या शेजारची जागा मोकळी आहे. खाली बारीक अक्षरात लिहिलंय, पत्नी, नाव अज्ञात.

सुलोचनाबाई : अज्ञात?

पांडुरंगराव : त्यांना वाटतं, छावणीतलीच एखादी गोरी बाई असेल. ज्यांना ठाऊक होतं, त्यातलं तिकडे कोणी उरलं नाही.

मंदाताई : राहू दे ना मास्तर मोकळी. एवढी वर्षं राहिली. अब क्या फरक पडता है?

सुलोचनाबाई : थांब मंदा. मास्तर, माझं नाव घालू नका. मंदा चुकीचं बोलत नाही. मानसिंगरावांची मुलगी म्हणून जगले, तशीच जाईन. शालिनीच्या संसारात माझ्यामुळे मिठाचा खडा नको. पण ती जागा भरा. दुर्गा लिहा.

मंदाताई : सासूबाई, अहो...

सुलोचनाबाई : ग्वाल्हेरात गल्लोगल्ली दुर्गा आहेत. इंदूरहून कोण येणार आहे शोधत? मुलाला जन्म दिला तिने, नवा अंगरखा शिवून, अंगात घालून तिनेच त्याला पाठवला. आणि ज्यांनी त्याला नेलं, त्यांना तिचं नाव अज्ञात!

पांडुरंगराव : नुसतं दुर्गा लिहू? की आणखी काही खुलासा? मंडळी विचारतील, लग्न झालं होतं का.

सुलोचनाबाई : पत्नी असं लिहिलंय ना तिथे? ते तसंच असू द्या. तिला जन्मात कोणी पत्नी म्हटलं नाही.

पांडुरंगराव : बरं. आणि अक्काचं?

सुलोचनाबाई : सांगा, जहाज नव्हे. थोरल्या बहिणीला म्हणतात.

पांडुरंगराव : एडिथ विचारेल, कुठे आहे ती?

सुलोचनाबाई : आहे म्हणा. ग्वाल्हेरला आहे, लेकुरवाळी आहे. येऊ नको म्हणावं. आता नवीन ओळखी करण्याइतकं बळ नाही राहिलं. तिच्या बापाला मी गोड भात भरवायची, तेवढं कळवा. त्याला काय आवडायचं हे तिला कदाचित ठाऊक नसेल.

पांडुरंगराव : कळवतो. उठतो आता. एवढं लिहून झालं की मी आडवा होणार आहे, बाई. पुन्हा कोणाचे पूर्वज शोधायचे नाहीत.

मंदाताई : मास्तर, उन्हं कलेपर्यंत थांबा की. टांगा मागवते.

पांडुरंगराव : नको ताई. सावलीसावलीने जाईन. नमस्कार करतो.

सुलोचनाबाई : सांभाळून जा. पायरी मोडकी आहे.

मंदाताई : ...सासूबाई, आत चला. पडा जरा.

सुलोचनाबाई : पडते. दमले गं मी.

मंदाताई : शालिनीच्या बाबांना मी काही सांगणार नाही. तुम्ही म्हणाल तेव्हा, तुम्हीच सांगा.

सुलोचनाबाई : बघू.

मंदाताई : त्या, दुर्गाबाई... दिसायला कशा होत्या हो?

सुलोचनाबाई : ठेंगणी होती. आणि चालायची अशी भराभर, की आम्ही दोघं मागे धावत असायचो. वळणावर जाऊन आमच्यासाठी थांबून राहायची.