डावीकडची सळई

ओहायोतल्या आमच्या गावात जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचं एकच दुकान. तिथल्या रांगेत माझ्यापुढे म्हातारे गॅरेजवाले वेंडेल होते आणि त्यांच्यापुढे तरुण कर्टिस, हातात लोखंडी पट्ट्या घेऊन.

“पट्ट्या कशाला रे?”

“भावाची जुनी कॅमॅरो गाडी नव्यानं बांधतोय, काका. लायलला सांगितलं नाहीये, वाढदिवसाला चावी देणार. इंजिन डावीकडे मागच्या पत्र्याला घासतंय, पट्ट्या घालून उचलतो.”

“उचलून काय होणार? इंजिन धरणारी पुढची चौकटच तिरकी असेल. चौकट आणि बॉडी जुळवायची भोकं असतात, त्यांतून सळई घालून पाहिलीस?”

“उजवीकडे सरळ गेली. डावीकडे भोकं बोटभर सरकलीत.”

“मग चौकट वाकलीय.”

“नवी कोरी आहे.”

“मग बॉडी वाकलीय. डावीकडून जबर धडक बसलीय तिला.”

“छे. लायल म्हणतो, साधा ओरखडा नाही.”

“मडगार्ड बदलता येतं, रंग मारता येतो. ती भोकं कुठं लपवणार? कधीपासून बंद आहे गाडी?”

“पुलावर मोटरसायकलवरून जाताना मार्विनला कुणीतरी उडवलं ना, तेव्हापासून. जिवलग मित्र गेला, आता चालवावीशी वाटत नाही म्हणाला.”

“उडवणारा सापडला का रे?”

“नाही.”

“हं.”

“काका, शवपेटीला पहिला खांदा लायलनं दिला होता.”

“पाहिलं होतं मी.”

“मार्विनची आई दर रविवारी त्याला जेवायला बोलावते. मार्विनच्याच खुर्चीवर बसवते.”