कंदील उतरवायचा नाही

सन्माननीय अध्यक्ष श्री. मनमोहन कोठारे, व्यासपीठावरचे पाहुणे, आजचे सत्कारमूर्ती लवूकाका परब, अंबिकाकाकी आणि समोर बसलेल्या माझ्या चाळकऱ्यांनो... आता टॉवरचे सभासद म्हणायला हवं, पण जीभ वळत नाही. सर्वांना नमस्कार. सेक्रेटरी या नात्याने माईक मी मुद्दाम बारीक ठेवायला सांगितलाय. मागच्यांनी कृपया पुढे सरकावं. कारण ओघात येईलच.

लवूकाका उद्या कायमचे देवगडला निघालेत. लालबागच्या माणसाचा निरोप म्हणजे ढोल-ताशा हवाच. त्यात हे काका. तिसऱ्या मजल्यावरून यांनी हाक मारली की रस्त्यापलीकडचा वाणी ओ द्यायचा. मग आज इतकी शांतता का?

त्यासाठी जुन्या चाळीत जावं लागेल. दिवाळीचा मोठा कंदील आपण गॅलरीत लावायचो हौसेने. तुळशीचं लग्न झालं की तो उतरवायचा. पण कोणी? पहिला मजला म्हणे दुसऱ्याने, दुसरा म्हणे तिसऱ्याने. शिमगा येईपर्यंत कागद फाटून नुसत्या कामट्या उरायच्या. आणि त्या कामट्यांत एके वर्षी बुलबुलाने घरटं केलं. तुरेवाला, शेपटीखाली लाल, आपला नेहमीचा बुलबुल. काकांनी फर्मान काढलं, पिल्लं उडेपर्यंत कंदिलाला हात लावायचा नाही. मग तोच रिवाज झाला. आळसाला इतकं चांगलं फळ आलेलं मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही. मागच्या उंबरावर तर सकाळी एवढे बुलबुल जमायचे, की रेडिओच्या बातम्या ऐकू येत नसत.

पुढे चाळ पाडायचं ठरलं. दारोदार फिरून सगळ्यांची संमती मिळवली ती काकांनीच. टॉवर झाला, लिफ्ट आली, घरात नळ आला. उंबर गेला. बुलबुलही गेले. आपण नव्या फरशीच्या कौतुकात होतो. काका मात्र रोज सकाळी अकराव्या मजल्याच्या खिडकीत उभे राहायचे. एकदा काकींना म्हणाले, "मीच सगळ्यांका हो म्हणूक लावलंय." काकींनी मला हे सांगितलं, तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. हा माणूस ते ओझं घेऊन गावी जाणार, याचं मला फार वाईट वाटत होतं.

गेल्या दिवाळीत या हॉलबाहेर, महिला मंडळाच्या तगरीच्या कुंड्यांवर, आपण कंदील लावला. तुळशीच्या लग्नानंतर सफाईवाले शिडी घेऊन आले, तर काका आडवे. म्हणाले, "रवांदे." सभेत केवढा वाद झाला. अध्यक्षसाहेब गिरगावचे, शिस्तीचे. ते म्हणाले, "परब, लोक हसतील हो आपल्याला." काका म्हणाले, "हसांदेत." साहेबांनी माघार घेतली. साहेब, त्याबद्दल आज जाहीर आभार.

फाल्गुनात एक बुलबुल आला, मग जोडी आली. शेजारच्या टॉवरची जुई सांगत होती, त्यांच्या गच्चीवरही दिसतात. लोक शिवडीला फ्लेमिंगो बघायला लांबून येतात. आपल्याकडे बघायला कोणी येणार नाही, आणि न आलेलंच बरं. कारण या भिंतीपलीकडे, कंदिलात, मादी या क्षणी अंड्यांवर बसली आहे.

म्हणून ढोल नाही. पोरांनी आणलेली फटाक्यांची माळही काकींनी पिशवीत घालून ठेवलीय.

काकांना मी विचारलं, पिल्लं झाली की फोटो पाठवू ना? तर म्हणाले, "माका फोटो नको. आवाज धाड."

धाडते, काका. तुम्ही सगळ्यांना हो म्हणायला लावलंत, त्यात या बुलबुलांच्या जोडीनेही आता हो म्हटलंय. ओझं इथेच ठेवून जा.

व्यासपीठाचे, मंडळाचे, तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. नावं घेण्यात कुणी राहून गेलं असेल, बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल, तर घरचीच मुलगी म्हणून पोटात घाला. एक शेवटची विनंती, टाळ्या वाजवू नका. जाताना कंदिलाखालून नको, त्या मागच्या दाराने जा, आणि चपला हातात घ्या.