शेठच्या मीटरवरचा झिरो

तुम्ही मले भांडकुदळ म्हणता नं, मंग आर्णीच्या जिनिंगमधलं ऐकाच. तिथली एक मोटर चालू होत नव्हती, म्हून शेठनं मले दुरुस्तीले बोलावलं. मी म्हटलं, "आधी मेन बंद करा."

"मेन बंद केला तं अख्खी जिनिंग थांबते. बाहेर कापसाच्या गाड्या उभ्या हायत."

मंग शेठनं आपला नवाकोरा क्लॅम्प मीटर काढला, मोटरच्या वायरीभोवती त्याचा चिमटा अडकवला अन् माह्यासमोर धरला. "पाय, झिरो! करंटच नाही. घाल हात."

"मोटरच बंद हाय, तं करंट वाहीन कुठून? चिमटा फक्त वाहता करंट सांगते. वायरीत व्होल्टेज हाय का नाही, ते मीटरच्या दोन्ही लीड, त्या लाल-काळ्या वायरी, जोडणीले टेकवल्या तवाच समजते. तुमचा एवढा भरोसा हाय, तं तुम्हीच लावा हात."

शेठनं हात मांगं घेतला. "बाई, भलती नाटकं तुह्यी! आधीचा मिस्त्री काई न बोलता काम करे."

"मंग त्यालेच बोलवा नं. कुठी हाय तो?"

शेठनं चिमटा काढून मीटर खिशात टाकला.

"दवाखान्यात."

मी तशीच उठली अन् मेन पाडला. अख्खी जिनिंग चूप झाली, शेठसकट.