पालीची गोष्ट

लंडनमधल्या हॅरो स्टेशनच्या प्लॅटफॉर्मवर माझ्यापुढे काळ्या कोटातले दोघे मराठीत बोलत होते.

"परीक्षित, आज शोकसभेत ती पालीची गोष्ट सांगू नकोस."

"का? यशोधन पाल दिसली की गादी उचलून माझ्या खोलीत यायचा. अख्ख्या हॉस्टेलला माहीत आहे."

"अरे, मेजर होता तो. सीमेवर लढताना गेलाय. पुण्याहून त्याची आई व्हिडिओवर ऐकणार आहे."

"वरद, काकूंचाच फोन आला होता."

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, महिनाभर सगळे शूर, शूर म्हणतायत. माझा भित्रा यशू कुणाला आठवतो का?"

"मग सांग तू."

"ट्रेन कधी आहे?"

"चार मिनिटांत. तिसऱ्यांदा विचारतोयस."

"तू सांगशील? त्याचं नाव घेतलं की मला पुढे बोलता येत नाही."