झाडलोटीवरच्या कोंबड्या

कोंबड्या पाळणं स्वस्तात पडतं असं मला कोणी सांगू नका, यार. ऐंशीच्या सुमारास नाहूरला चाळीमागे आईनं सात कोंबड्या आणि एक कोंबडा पाळला होता. विकतचं खाद्य परवडायचं नाही, म्हणून वाण्याच्या दुकानातली धान्याची झाडलोट ती रोज त्यांना घालायची.

एक दिवस वाणी स्वतः धावत आला. "मावशी, आजची झाडलोट घालू नका! काल उंदरांचं औषध टाकलं होतं."

झाडलोट केव्हाच फस्त झाली होती. आईनं तिथेच हात जोडले. "बा देवा म्हाराजा, सगळ्यांका वाचव, तुका कोंबडो देतंय!"

"अगं, त्यानंच सगळ्यात जास्त खाल्लंय," बाबा म्हणाले.

दिवसभर आम्ही खुराड्यासमोर बसून होतो. एखादीनं मान वाकडी केली तरी आईचा जीव वर-खाली. पण एकही मेली नाही.

रविवारी नवस फेडला. कोंबड्याचा रस्सा ताटात आला, पण कोणी हात लावेना. आई कडाडली, "देवाचो प्रसाद आसा, गप खावा!"

आम्ही खाल्ला. ती मात्र न जेवता समोर बसली आणि संध्याकाळपर्यंत आमच्या मानांकडे बघत राहिली.