लॉकची लाल लाइट

न्हाई भाऊ, स्विच देतो की बसवून, त्याला न्हाई म्हनत न्हाई — पन वीसच्या स्पीडला मागच्या चाकांचं लॉक आपोआप सुटतंय ते बंद करा म्हनता, ते न्हाई करनार मी. कावून म्हंजी? गाडी तुमची हाय, कबूल. उमापूरच्या काळ्या रानात चाक रुततंय, तेबी कबूल. एक चाक चिखलात गरगरा फिरतंय अन् दुसरं ढिम्म — लॉक टाकलं की दोन्ही संगट फिरतेत, गाडी निघती भायेर. ते चिखलात. डांबरावर वळनाला भायेरच्या चाकाला जास्त पळावं लागतंय का न्हाई? लॉक ऱ्हायलं तर पळताच येत न्हाई त्याला — तुमी स्टेरिंग फिरवता अन् गाडी सरळ जाती. म्हनून त्ये सुटतंय. बसा, त्या टायरवर बसा.

बंकटबी असंच म्हनला हुता. बंकट — हितून वरच्या वस्तीवरचा, माझा शाळेपासूनचा दोस्त. शेरडं, चार म्हशी, रोज सकाळी जीपमदी दुधाचे कॅन टाकून खाली पाटोद्याला यायचा. वस्तीचा चढ म्हंजी पावसाळ्यात निस्तं लोनी. जोर धरला, काटा वीसच्या वर गेला, की लॉक सुटायचं अन् गाडी पुन्हा माघारी घसरायची. आला एक दिवस तावातावानं — "काय बे आसाराम, ऐन टायमाला दगा देतंय हे! तोड ती वायर. कवा टाकायचं, कवा सोडायचं, माझं मी बघतो." तोडली. मीच तोडली. बॅटरीवरून सरळ स्विच, स्विचशेजारी लाल लाइट — लाइट हाय तवर लॉक हाय, लाइट गेली की सुटलं. लई खूश झाला. दोन पावसाळे वस्तीवरचं दुखनं-खुपनं, बाळंतिनी, समदं त्यानंच खाली आनलं त्या जीपमदी.

गेल्या भादव्यात, सकाळी आठ वाजता — संगीता, त्याची बायको, शेजारी बसलेली. चिखल संपला, डांबर लागलं, उतार. दुसऱ्या वळनाला गाडी वळलीच न्हाई. सरळ खाली, दगडात. बंकट जागच्या जागी गेला. संगीताचा पाय मोडला.

लोक म्हनले, लॉक सोडायचं विसरला. डॅशबोर्डचा चुराडा झाल्ता, बटन कसं हुतं कुनाला कळंना. संगीता एकटीच म्हनत ऱ्हायली — "न्हाई, त्यांनी बटन बंद केलं. लाल लाइट गेलेली मी पाह्यली." तर सारजाबाई, सासू तिची, म्हनली, "तूच बडबड करीत बसली असशील. म्हनून इसरलं माझं लेकरू." दहाव्याला समद्यांम्होरं मला इचारलं म्हातारीनं — "आसाराम, तू बसवलंस, तूच सांग. लाइट गेल्यावर लॉक ऱ्हातंय का?"

ऱ्हातंय भाऊ. बटन बंद केलं तरी लॉकचे आतले दात एकमेकांत दाबून बसतेत, ताण हलला की मग सुटतेत. कवा लगीच, कवा फर्लांगभर जाऊन. म्हनून लाइटची वायर खालून आनायची असती, हौसिंगमदल्या — म्हंजी हे दात असतेत त्या डब्यातल्या — सेन्सरवरून. लॉक खरंच सुटलं तरच लाइट जावी. मी काय केलतं? खाली चिखलाचा गोळा झालेला, पाठीवर पडून वायर वढायची — कंटाळा केला. स्विचवरूनच जोडली. बटन बंद, लाइट बंद. खाली काय चाललंय, लाइटला काय ठाव?

म्हनलो, "न्हाई मावशी. लाइट गेली म्हंजी लॉक सुटलंच." झालं. गाडी तर सरळ गेली — म्हंजी लॉक हुतं, म्हंजी लाइट हुती, म्हंजी संगीता खोटी. तिनं माझ्याकडं पाह्यलं. "भाऊजी, पाह्यली हो मी," एवढंच म्हनली.

अंदाजानं न्हाई बोलत मी. मोडलेली गाडी माझ्याच हितं आनून टाकली हुती — आरटीओचा सायेब तपासायला येनार म्हनून. त्याच्या आदी मी गाडीखाली गेलतो. कव्हर उघडलं, तर बॅटरीचा करंट तुटलेला असूनबी दात तसेच अडकलेले. हातोडीचा एकच टोला घातला. सुटले. कव्हर लावलं, हात धुतले. सायबानं चाकं फिरवून पाह्यली, लॉकमदी दोष न्हाई म्हनून लिव्हलं अन् गेला.

संगीताला माहेरी धाडलं. पाय अजून धड न्हाई तिचा. पोरगी, अंजू, सात वर्साची — ती आजीनं ठिवून घितली. आईमुळं बाप मेला असं शिकवतेत तिला. दोनदा निघालो वस्तीकडं, म्हनलं सांगून टाकावं म्हातारीला. चढापाशी गेलो की पाय मागं फिरतेत. सांगितलं की हे दुकान गेलं, अन् ह्या हातांना दुसरं काय येतंय?

कुनाला बोललो न्हाई हे आजवर. तुमी ती वायर तोडा म्हनलात, अन् —

काय म्हनलात? अजूनबी सांगता येईल?

...चावी घ्या तुमची. घ्या म्हनतो ना. दुसरीकडं बगा कुठं. दुकान बंद हाय आज.